साडेपाचचा क्लास आणि माझी चिठ्ठी

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या समाजमंदिर समितीचे प्रमुख मोरोपंत, व्यासपीठावरचे पाहुणे, मूर्तिकार दिनानाथ, जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती आमची रोहिणी, तिचे यजमान जितेश, तिला न्यायला रोह्याहून मुद्दाम आलेल्या भगिनी, आणि समोर बसलेल्या माझ्या वर्गमैत्रिणींनो,

मी अनसूया. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मनोगत, पाच मिनिटे’ असं छापलं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. पाच मिनिटांत माझी हजेरीसुद्धा घेऊन होत नसे. तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे जरूर बघावं, पण घंटा वाजवू नये, एवढी विनंती.

रोहिणीविषयी चांगलं जे बोलायचं, ते माझ्याआधी बोललेल्यांनी बोलून टाकलं आहे. तिच्या क्लासमुळे कुणाची साखर आटोक्यात आली, कुणाची कंबर सुटली, कुणाला पहिल्यांदा घराबाहेर स्वतःचा असा एक तास मिळाला. सगळं खरं आहे. मला मात्र आज मत्सराविषयी बोलायचं आहे. माझ्याच. निरोपाच्या सभेत हा विषय शोभतो का? नाही शोभत. पण जितेशना रोह्याच्या कंपनीत नोकरी लागली आहे, सामान बांधून झालं आहे, आणि रोहिणी गेल्यावर हे बोलायला मला ना निमित्त मिळेल, ना धीर होईल.

माझी मैत्रीण सरू समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. मूळची खांब गावची, भात आणि वाल पिकवणारं घर. तिचे यजमान महिपती डोलवीला कंपनीत होते, म्हणून बिऱ्हाड पेणला. आम्ही दोघी एकाच शाळेत बावीस वर्षं होतो. मधल्या सुट्टीत डबे एकत्र उघडायचो. माझी भाजी तिला आळणी लागायची, आणि तिच्या डब्यातलं सुकट मी आमच्या शाकाहारी घरी कळू न देता खायचे. निवृत्तसुद्धा आम्ही एकाच वर्षी झालो. त्याच वर्षी गणपतींचं विसर्जन होऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच महिपती गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा न्यायला लागले. रोज संध्याकाळी पाचला. अकरा महिने. सरू दार उघडायची, मला बघायची आणि रडायची. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे, दोन घास खायला लावायचे, दिवेलागणीला घरी यायचे. आळीतले लोक म्हणायचे, मैत्रीण असावी तर अशी. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आणखी एक खरं सांगते. मी तेव्हा नुकती घरी बसले होते. आमच्या मुलाचा, यज्ञेशचा, संसार बंगळुरात, आणि आमच्या ह्यांना एक वर्तमानपत्र दिवसभर पुरतं. जिच्या एका हाकेला चाळीस पोरं गप्प बसायची, तिला दिवसभरात कुणी ‘बाई’ म्हणेनासं झालं होतं. सरूच्या दारात मात्र माझी वाट बघितली जात होती. मी त्याला सेवा म्हणत होते.

ऑगस्टातली गोष्ट. एक दिवस डबा घेऊन गेले तर दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशीही कुलूप. चौथ्या दिवशी शेजारणीनं सांगितलं की सरूबाई क्लासला जातात, समाजमंदिरात, साडेपाचला. मी विचारलं, कसला क्लास? ती म्हणाली, डान्सचा.

मी तशीच डबा हातात घेऊन इथं आले. ही डावीकडची खिडकी दिसते ना, तिच्याबाहेर उभी राहिले. आत पंधरा बायका आणि समोर रोहिणी. ओढण्या कमरेला बांधलेल्या, स्पीकरवर गाणं. सरू पहिल्या रांगेत होती. तिची स्टेप चुकली, शेजारची बाई तिच्यावर आदळली, आणि सरू हसली. तोंडावर हात न ठेवता, अगदी शाळेत हसायची तशी. शेजारची बाई म्हणजे आपल्या काशीबाई, बाजारात सुकी मासळी घेऊन बसतात त्या. दोघी एकमेकींना धरून हसत होत्या.

मंडळी, जिचं हसू परत यावं म्हणून मी अकरा महिने देवाला सांगत होते, ती हसताना पाहिल्यावर मला काय वाटलं असेल? आनंद झाला असेल, असं तुम्ही म्हणाल. मी जळले. मी अकरा महिने डबे वाहिले आणि हसू मात्र काशीबाईंच्या वाट्याला? मी रस्त्यानं घरी जाताना मनातल्या मनात काशीबाईंशी भांडत होते. त्यांना तोवर माझं नावही माहीत नव्हतं.

सरूला विचारलं, तर ती म्हणाली की अंग मोकळं होतं, म्हणून जाते. चल म्हणाली नाही. पुढे मी गेले की ती क्लासच्याच गोष्टी सांगायची. रोहिणी असं म्हणाली, काशीबाईनं तसं केलं. मी ‘हो का’ म्हणायचे आणि रिकामा डबा उचलून निघायचे.

दसरा झाला आणि मी समितीला एक चिठ्ठी लिहिली.

मोरोपंत माझ्याकडे बघताहेत. होय मोरोपंत, तीच. खाली सही नव्हती, आणि माझं अक्षर गावात ओळखीचं म्हणून मी ती डाव्या हातानं लिहिली होती. पहिलं वाक्य होतं, गाण्याच्या आवाजाचा आजूबाजूच्या वृद्धांना त्रास होतो. ते अर्धं खरं होतं. दुसरं वाक्य होतं, ज्यांच्या कपाळाचं कुंकू पुसून जेमतेम वर्ष झालं आहे अशा बायकाही इथं नाचतात, यावर समितीनं विचार करावा. मी सावित्रीबाईंच्या जयंतीला दर वर्षी भाषण करणारी शिक्षिका. ते वाक्य माझ्याच हातानं लिहिलं.

समितीनं क्लास थांबवला. समितीला मी दोष देत नाही. तक्रार आली, त्यांनी दार लावलं. रोहिणीनं दोन-तीन ठिकाणी जागा विचारली, कुठंच जमलं नाही. मला वाटलं, झालं, सरू परत आपली.

पाचला डबा घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. सरू खुर्चीत बसली होती, केस न विंचरता, जशी पहिल्या महिन्यात बसायची. मला बघून ती रडली नाही. नुसतं म्हणाली, “ठेव तिथं.” चिठ्ठीत काय होतं ते समितीतल्या कुणाकडून तरी तिच्या कानावर गेलं होतं. ते दुसरं वाक्य. मग ती म्हणाली, “लोकांना माझं हसणंपण खुपलं गो.”

मी तिच्यासमोर बसून होते आणि ‘लोक’ म्हणजे मी, हे माझ्या तोंडून निघालं नाही. घरी आले, जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिनानाथच्या गणपतीच्या कारखान्यात गेले. दिनानाथ माझा विद्यार्थी, चौथीपर्यंत पाढे चुकवायचा, आज त्याच्या मूर्ती परदेशात जातात. त्याचा मागचा शेड गणपती गेले की नव्या मूर्ती तयार होईपर्यंत रिकामा असतो, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, बायकांच्या क्लासला दे. तो लगेच हो म्हणाला, आणि मग त्यानं विचारलं, “बाई, तुम्ही पण जाता?” मी ‘हो’ म्हणाले. विद्यार्थ्यासमोर बोललेलं खोटं निस्तरायचं, तर ते खरं करण्यावाचून मार्ग नव्हता. त्या सोमवारी मी, वय वर्षं एकोणसाठ, आयुष्यात कधी मंगळागौरीलाही न नाचलेली, शेडमध्ये मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

तुमच्यापैकी ज्या तेव्हा होत्या त्यांना आठवत असेल. संक्रांतीनंतर भिंतीकडेनं न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती यायला लागल्या. दर आठवड्याला त्या वाढत गेल्या आणि आम्ही आक्रसत गेलो. शेवटी शेवटी हात पसरायचा तर आधी बाजूला सोंड नाही ना, हे बघावं लागे. मग मोरोपंतांनी स्वतः येऊन पाहिलं, आणि आवाज कमी ठेवायच्या अटीवर हे सभागृह परत दिलं. त्याबद्दल समितीचे आभार मी याआधी मोकळ्या मनानं मानू शकले नव्हते, ते आज मानते.

शेडमध्ये मी गेले खरी, पण मत्सर घेऊनच गेले. सरू पुढे, मी मागे. ती माझ्याकडे बघून हात करायची आणि लगेच काशीबाईंकडे वळायची. मी स्टेप शिकायच्या सोडून त्या दोघी किती वेळा बोलल्या ते मोजायची. रोहिणीच्या हे लक्षात आलं असावं. तिनं मला उचलून काशीबाईंच्याच शेजारी उभं केलं.

एके दिवशी गाणं चालू असताना मी थांबले आणि मला रडू फुटलं. कारण काय, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. काशीबाईंनी मला हाताला धरून बाहेर पायरीवर बसवलं. “पाणी पी गो बाय,” एवढंच म्हणाल्या. काय झालं, का झालं, काही नाही. शेजारी बसून राहिल्या. मला आजवर सांत्वन करता यायचं. शेजारी नुसतं बसता यायचं नाही. ते मी त्या दिवशी पाहिलं. काशीबाई, तुम्ही आज इथं आहात म्हणून सांगते, मी तुमचा कित्येक महिने दुस्वास केला आणि तुम्ही मला मैत्रीण करून घेतलंत. त्यानंतर मी दर संध्याकाळी आले. गुडघे दुखत, कधी चुकत, पण आले. घरी आल्यावर झोप लागायची. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला उद्याची संध्याकाळ हवीशी वाटत होती, आणि त्यासाठी कुणी दुःखात असण्याची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मी रोहिणीला चिठ्ठीचं सांगितलं. ती बराच वेळ स्पीकरची वायर गुंडाळत राहिली. तिच्या पोटावर मी पाय दिला होता. ती मला चार शब्द बोलली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, “मला सांगून काय होणार, बाई? सरूबाईंना सांगा.” त्यानंतर तिनं मला एकदाही विचारलं नाही, सांगितलंत का म्हणून. आणि मी दोन वर्षं सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात सरू वालाच्या शेंगा काढायला खांबला जाणार होती, मी बरोबर गेले. बांधावर बसून शेंगा तोडत होतो. रोहिणी जाणार, तेव्हा आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी सांगून टाकलं. दोन्ही वाक्यं, जशी लिहिली होती तशी.

सरूनं हातातली शेंग पाटीत टाकली. मग ती म्हणाली, “तुला क्लासला चल का नाय म्हटलं, ठाव हाय? तू डबा घेऊन आलीस की मला वाटायचं, आता रडलं पायजे. एवढं करते ही, मी हसले तर हिला काय वाटंल. तिथं मला कुणासाठी रडायला लागत नव्हतं.”

एवढं बोलून तिनं शेंगांची पाटी उचलली आणि घराकडे गेली. पेणला आम्ही एकाच गाडीनं आलो, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून. चार दिवस तिचा फोन नाही. मी क्लासला गेले, ती पुढे, मी मागे, नजर नाही.

काल दुपारी फोन आला. मी आजच्या सभेत बोलणार आहे हे तिला कळलं होतं. ती म्हणाली, “बोलणार असशील तर माझं नाव घे, आणि तुझंपण. ‘एक मैत्रीण, एक मैत्रीण’ करत बसलीस, तर ही पण बिनसहीचीच चिठ्ठी होईल.” आणि फोन ठेवला. म्हणून आज मी नावं घेऊन बोलले.

मत्सर गेला का? तुम्हाला वाटेल, आता ही ‘गेला’ म्हणेल. रोह्याच्या भगिनींनो, तुम्ही पुढच्या रांगेत बसून रोहिणीशी कुजबुजता आहात, ते मला इथून दिसतंय आणि सहन होत नाहीये. आणि इथला क्लास उद्यापासून सरू घेणार आहे. रोहिणीनं तिची निवड केली, ती योग्यच केली. तरी परवा हे कळल्यावर क्षणभर मला वाटलं, छत्तीस वर्षं शिकवलेली तर मीही होते. पण आता हा पाहुणा आला की मी त्याला ओळखते. त्याला कागद आणि पेन देत नाही.

रोहिणी, तू कधी उपदेश केला नाहीस. चुकलेलीला मागे न टाकता गाणं चालू ठेवलंस. आमच्यासारख्या म्हाताऱ्या बायकांना एकमेकींच्या शेजारी उभं केलंस. रोह्यात तुझं घर नीट लागो, जितेशना शिफ्ट बऱ्या मिळोत, आणि तिथल्या बायका आमच्याइतक्या चुकू नयेत. आमच्याइतक्या तुला आवडूही नयेत, असं मनात येतं, पण ते बोलत नाही.

अध्यक्षांनी पाच मिनिटांची पंचवीस होऊ दिली, दिनानाथनं शेड दिला, काशीबाईंनी पाणी दिलं, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव पुढेमागे झालं असेल, तर या वयाकडे बघून पोटात घाला. चिठ्ठीच्या चुकीची क्षमा मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती द्यायचा अधिकार एकट्या सरूचा आहे, आणि तिच्याकडे मी ती मघाशी, आत येताना पायरीवर मागितली.

सरू म्हणाली, “माफ केलं असं नाय म्हणायची मी. उद्या साडेपाचला ये. पुढं उभी रहा, मागून तुझे पाय दिसत नायत.”