ओढा निघतो कुठून?

तुम्ही सगळे सुमनला अबोल समजता, पण एटीजमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या त्या सुनावणीत तिला बघायला हवं होतं यार!

आम्हा नवरा-बायकोच्या सफरचंदाच्या बागेला लागून सरकारी जंगल होतं. तिथला ओढा खराब होऊ नये म्हणून सरकारने जंगलात गॅससाठी ड्रिलिंग करायला बंदी घातली. मग कंपनी आमच्याकडे वळली. जमीन आमची, पण खालच्या गॅसचा हक्क जुन्या मालकाने कंपनीला कधीच विकला होता. त्यांनी जागा निवडली ती नेमकी आमच्या पिण्याच्या झऱ्याशेजारी.

ड्रिलिंगच्या परमिटसाठी सरकारी साहेबांपुढे सुनावणी लागली, तिथे मी, इंजिनिअर असून, नुसता त-त-प-प करत राहिलो. शेवटी सुमन उठली.

"साहेब, बंदी जंगलातला ओढा वाचवायलाच घातलीत ना?"

"येस, मॅडम."

"मग नकाशात बघा, तो ओढा निघतो कुठून?"

साहेबांनी ओढ्याच्या रेघेवरून बोट मागे मागे नेलं. ते आमच्या झऱ्यावर येऊन थांबलं. कंपनीचा वकील उठायला लागला, तसे साहेब म्हणाले, "बसा. ड्रिलिंग तिकडे रस्त्याकडेला हलवा, नाहीतर परमिट विसरा."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन वर्षं आमच्याशी एक शब्द न बोललेला शेजारी धावत आला आणि सुमनला म्हणाला, "मॅडम, मंगळवारी माझी सुनावणी आहे. याल का?"