कुलपातला गोठा

(मांजरेचा पूर ओसरू लागलाय. नदीकाठच्या माणसांना चिंताकीच्या शाळेत आणून ठेवलंय. एका वर्गात राजूबाई भिंतीला टेकून बसलीय. जवळ तिचा नवरा अंकुशराव आणि औरादला शिक्षिका असलेली लेक पल्लवी.)

अंकुशराव : तेवढं सांग की. कालपासून विचारायलोय.

राजूबाई : काय सांगू? गेली जनावरं. तुम्ही बघितलाव की गोठ्यात जाऊन.

अंकुशराव : गेल्यावर काय राहतंय ते बघितलो. त्याच्या आधी काय झालं ते विचारायलोय. शेजारच्या श्रीपतला विचारलो, तर खाली मान घालून निघून गेला.

पल्लवी : अप्पा, आत्ता नको ना. मायच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

राजूबाई : आपल्या रामच्या लेकीचं बारसं कसं झालं ते सांगा. नाव काय ठेवलाव?

अंकुशराव : पूर्णिमा.

राजूबाई : चांगलं हाय. रडली का पाळण्यात घालताना?

अंकुशराव : पल्लवीची माय, मला भुलवू नको. बारशाच्या दिशी रामच्या खोलीवर, कोळारला, चक्क ऊन पडलं व्हतं. मांडव घातलो, जेवणं झाली. इकडं बी थेंब न्हाई म्हणली व्हतीस फोनवर. पाऊस न्हाई मग पूर कुठनं आला?

पल्लवी : वरून आला, अप्पा. तिकडे आंध्राच्या किनाऱ्यावर वादळ धडकलं. समुद्र तापला की वादळाला जोर येतो. हे जमिनीवर येऊनसुद्धा विरलं नाही, लातूर-उदगीरकडे सरकलं आणि तिथं कोसळत राहिलं. धरणं आधीच भरलेली, दारं उघडावी लागली. आपल्या खालच्या बंधाऱ्यात ऊस आणि बाभळी येऊन अडकल्या. पाणी पुढं सरकेना, मग शेतात फुगलं.

अंकुशराव : ओढ्यानं गेलं असतं की.

पल्लवी : ओढा कुठंय? सगळ्यांनी नांगरून त्यात तूर पेरली.

अंकुशराव : समुद्र मी जलमात बघितलो न्हाई. तुझ्या मायनं बी न्हाई. त्याचं काय वाकडं केलो व्हतो आम्ही?

पल्लवी : फोनवर इशारा आला तसा मी मायला फोन लावला. म्हटलं, जनावरं सोड आणि मारुतीच्या टेकडीवर चढ.

राजूबाई : सोड म्हणलीस. कशानं सोडू?

पल्लवी : किल्ली अप्पांकडं आहे हे मला कुठं माहीत होतं?

अंकुशराव : आषाढात लिंगम्माचे बैल गेले, दावं कापून नेले. तवाच साखळ्या आणलो, कुलपं आणलो. रामनं लोखंडी खांब सिमिटात पुरला. गावात सगळ्यांनीच तसं केलंय, मी एकल्यानं न्हाई.

पल्लवी : पण किल्ली घरात ठेवून जायची ना.

अंकुशराव : तुझी माय एकली व्हती घरात. चोर आले असते तर किल्लीसाठी हिच्याच गळ्याला सुरी लावले असते. किल्लीच न्हाई म्हणल्यावर बाईमाणसाला कोण कशाला हात लावील? म्हणून करदोड्याला बांधून नेलो. दुसऱ्या दिशी येतोच म्हणलो व्हतो. पुलावर पाणी चढलं, बस औरादलाच थांबली.

राजूबाई : म्हाइत हाय मला. मी काय म्हणले का तुम्हाला?

अंकुशराव : तेच की. कामून म्हणंनास? शिव्या दे. थोबाडीत मार.

राजूबाई : वासराला पाजलाव का?

अंकुशराव : श्रीपतच्या म्हशीखाली धरलो, तिनं लाथ मारली. बाटलीनं पाजलो तर थुकायलंय.

राजूबाई : त्याला कुलूप नव्हतं. वासराला कोण कुलूप लावतंय? दावं इळ्यानं कापले, ते आपलं आपण टेकडीवर गेलं.

पल्लवी : शेताचं काय, अप्पा?

अंकुशराव : शेत न्हाई राहिलं. सोयाबीनची गंज गेली, तूर गाळात झोपली. त्याचं काही वाटत न्हाई. वरची काळी मातीच खरडून नेली, खाली मुरूम उघडा पडलाय. बापानं माझ्या गाडी-गाडीनं तळ्यातला गाळ टाकून केली व्हती ती माती.

पल्लवी : पंचनाम्याला येतील माणसं.

अंकुशराव : येऊ देत. त्यांना दाखवायला काय हाय तिथं?

राजूबाई : तुम्ही पडा जरा. डोळे बघा कसे झालेत.

अंकुशराव : डोळे मिटलो की गोठा दिसतोय. एकदा शेवऱ्या पाय झाडायलाय, एकदा गाय हंबरायली, एकदा बाळंक्या साखळी तोडायलाय. हरेक बारीला येगळंच. खरं काय झालं ते कळलं तर तेवढंच दिसंल. बाकीचं तरी थांबंल.

पल्लवी : सांग त्यांना, माय. नाहीतर हे असेच झुरत राहतील.

राजूबाई : ... पाणी दिवस मावळताना आलं. आवाज न्हाई, काही न्हाई. उंबऱ्यावरनं आत आलं. कुऱ्हाडीनं कुलपावर घातले, दांडा मोडला. वरवंट्यानं घातले, तो हातातनं निसटला. पाण्यात सापडंना. गाय बारकी, ती आधी गेली. लई येळ लागला न्हाई तिला.

अंकुशराव : आन् बैल?

राजूबाई : शेवऱ्यानं मान टाकली. ती दोन्ही हातांनी वर धरून उभारले. तुम्ही याल असं वाटायलं व्हतं मला. मग माझ्या बी गळ्याला पाणी आलं. श्रीपतराव कमरेला दोर बांधून आले, मला ओढायले. मी शेवऱ्याला सोडंना. त्यांनी माझे हात सोडवले.

अंकुशराव : बाळंक्या लई वरडला का?

राजूबाई : न्हाई.

अंकुशराव : खरं सांग.

राजूबाई : खरंच न्हाई वरडला. नाक वर धरून गप उभा व्हता. श्रीपतराव दारात आले तवा खाकरले. तुमच्यावानीच खाकरतेत ते. त्यानं कान टवकारले.

अंकुशराव : मग?

राजूबाई : मग साखळी ढिली करून एक पाऊल म्होरं सरला. तुम्ही कुलूप काढायला आलाव की सरतोय न्हाई का, तसा.