बेंबीखाली चार बोटं

भुजंग : पाथरीची एष्टी हाय का ती?

धुरपताबाई : हिंगुळाचा रंग पावसानं जात न्हाई. बैलाच्या शिंगाला वरीसभर ऱ्हातो.

मार्तंड : जिंतूरची होती. गेली.

भुजंग : दवाखान्यातल्या त्या मशिनीला आवाजच न्हाई. आत माणूस जळायलाय अन् आवाज न्हाई.

धुरपताबाई : मोसंबी सोलू का?

मार्तंड : औरंगाबादला नामांतराचा मोर्चा आहे. गाड्या कमी सोडल्यात.

भुजंग : मला पुन्ना जावं लागतंय. बाभळीपल्याड.

मार्तंड : मी येतो, दादा.

भुजंग : मुतायला मास्तर कशाला? बस तू मायजवळ.

(भुजंग, मार्तंडचा बाप, जातो. देवगाव फाट्यावर मायलेक दोघंच.)

धुरपताबाई : लय बेजार झाले रे. दिसभर हेच. पर दवाखान्यानं सुट्टी दिली, म्हंजी लघवीच्या पिशवीखालची ती गाठ जळाली. पोळ्याला बैल धुवायला हेच जातेल बघ.

मार्तंड : माय, जरा गप बस.

धुरपताबाई : का? डाक्टरनं तुमा दोघांला आत घेतलं, मला भाईर बसवलं. काय म्हणला?

मार्तंड : विचारत होता, पोटावरची फुली कोणी काढली.

धुरपताबाई : मग हे काय म्हणले?

मार्तंड : ध्यानात नाही म्हणले.

धुरपताबाई : बघ. बायकोचं नाव घ्यायला आजून लाजतेत.

मार्तंड : तू काढली?

धुरपताबाई : मग कुणी? आश्रुबा भावजीची राख सोडायला इलाज अर्धा टाकून गंगाखेडला गंगेवर गेले न्हाई का? फुलीला पानी लावू नका, म्हणून डाक्टरनं बजावलं व्हतं. पर तिथं डोह म्हणं, छातीवर पानी. गेली धुवून. दवाखान्यात वरडले असते. मी म्हणलं, त्यात काय, मी काढून देते. पोळ्याचा हिंगूळ डब्यात पडलाच व्हता. रंग बी तसाच लाल. कुणाच्या बापाला कळलं न्हाई.

मार्तंड : कुठं काढायची, ते तुला काय माहीत?

धुरपताबाई : तो डाक्टर काढायला लागला तवा मी बाजूलाच व्हते की. बेंबीखाली चार बोटं धरली त्यानं. मी बी धरली. हे हसायले. म्हणले, गावातून मिरवायचंय का मला?

मार्तंड : कोणाची बोटं धरली, माय?

धुरपताबाई : कोणाची म्हंजी? माझी.

मार्तंड : हात बघू.

धुरपताबाई : काय बघतूस? नुस्ती चिपाडं हायेत. त्या डाक्टरचा पंजा केवढा, तेल लावलेल्या पैलवानावानी. घे, फोड खा.

मार्तंड : नको.

धुरपताबाई : आले बघ हे. पुसा ते हात.

भुजंग : झालं एकदाचं. थेंब थेंब. ह्याला काय झालं?

धुरपताबाई : मघापासनं माझा हात धरून बसलाय, ल्हान असल्यावानी. मी हाटेलात च्या सांगून येते. तुमाला साखर जास्तीची.

भुजंग : सांग.

मार्तंड : दादा, तुम्हाला माहीत होतं.

भुजंग : हळू बोल. तिचे कान तिखट हायेत.

मार्तंड : त्या फुलीवर बत्ती धरतात अन् किरणं तिथंच सोडतात. पुढचा सगळा इलाज तिच्या बारीक बोटांनी वर सरकलेल्या फुलीवर झाला. आतडं भाजलं. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे तिथंच आहे. अन् आता आणखी किरणं देता येत नाहीत.

भुजंग : मी बी तिथंच बसलो व्हतो. ऐकलं मी.

मार्तंड : तिला सांगायचं नाही?

भुजंग : त्याच हातानं ती भाकर थापती. पुढं बी थापायची हाय.

मार्तंड : ती पोळ्याचं बोलायलीय, दादा.

भुजंग : बोलू दे. पोळ्याला आजून टाईम हाय.

मार्तंड : तेवढा टाईम तुमच्याजवळ नाही.

भुजंग : ते बी ऐकलं मी.

मार्तंड : मग मी दोष कोणाला देऊ? तिला देता येत नाही. त्या डोहाला देऊ?

भुजंग : धाकट्या आश्रुबाला पवायला मी शिकवलं. बुडायलो म्हणून वरडायचा, अन् पाय भुईला टेकलेले असायचे त्याचे.

मार्तंड : दादा, मी काय विचारतोय?

भुजंग : चिता इझंपस्तोर ह्या फुलीपायी मी अंगाला पानी लावलं न्हाई. सगळी भावकी न्हाली. मी कोरडाच.

धुरपताबाई : मार्तंडा, पाथरीची आली. च्या ऱ्हाऊ दे. बापाला हात दे.

मार्तंड : उठा, दादा.

भुजंग : बुडी मीच घेतली. गंगेला त्या दिवशी गुडघ्याइतकंच पानी व्हतं.