पंपाचा नारळ

परळच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होतो. पुढच्या बाकावर दोन म्हातारे होते. दोघे एकाच गिरणीतले, संपात एकदमच घरी बसलेले. त्यातला एक आता चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरात राहतो.

“हरेश्वर, तुमच्या बेसमेंटात पाणी भरलं म्हणे?”

“कमरेएवढं.”

“अरे, पण तो बॅटरीवाला पंप बसवलात ना नवीन?”

“बसवला की. सेक्रेटरी बोलला, लाइट गेली तरी आपोआप पाणी खेचणार. लाइट गेली. बॅटरी फुल्ल. पंप गप्प.”

“का?”

“उद्घाटनाचा नारळ.”

“नारळाने काय केलं?”

“गिरणीत दसऱ्याला मशीनवर फोडायचो ना आपण, तसाच पंपाच्या खड्ड्यावर फोडला. शेंडी पडली आत. पाणी आलं तशी पंपात घुसली, पंखा जाम.”

“एवढ्या लोकांत कोणाला दिसली नाही?”

“सगळ्यांचं लक्ष खोबऱ्याकडे.”

“आणि तुझ्या पोराची नवीन स्कूटर?”

“बुडाली. मेकॅनिकने पाण्यात उतरून शेंडी काढली, तेव्हा कुठे पंप धडधडायला लागला.”

“चला, अक्कल तरी आली.”

“आली ना. काल मीटिंग झाली. आमच्या शेजारच्या राधाबाई बोलल्या, पंपाला नजर लागली. सगळ्यांना पटलं. आता दर अमावस्येला नारळ.”

“फोडा बाबा. पण गेटवर फोडा.”

“येडा आहेस काय? गेटवर फोडला तर पंपाला कसा पोचणार?”