बुटकी गाडी

सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. शेजारी मांडीवर हेल्मेट घेतलेल्या एक काकू, त्यांच्या पलीकडे काठी घेतलेला एक तिशीतला तरुण.

"काकू, ती लांबडी बुटकी क्रूझर बाइक मुलाची का?" तरुणाने विचारलं.

"माझी. मुलगा स्कूटर चालवतो."

"कशी आहे हो? क्रूझरमध्ये हीच स्वस्त, म्हणून विचारतो."

"स्वस्त आहे, पण गुणी आहे. फक्त चढावर धापा टाकते, गल्लीत वळवताना घाम काढते. मागची सीट तर नावालाच."

"मग मागे कोण बसतं?"

"आमचे हे. आधी डोळे मिटून बसायचे, आता गाणी म्हणतात."

"मला घ्यायचीय. पण अपघातानंतर हा पाय आखूड झाला. जुनी बाइक सिग्नलला कलंडायची, शेवटी विकून टाकली."

"ती बघ, आली माझी धुऊन. बस तिच्यावर."

"तुमच्या गाडीवर?"

"मग काय, बाकावर बसून कळणार आहे? काठी दे इकडे. हं, टेकले पाय?"

"एक टेकला... थांबा. काकू, दुसराही टेकला!"

"झालं तर मग. उतर आता."

"जरा वेळ बसू द्या ना."

"बस बाबा. किल्ली मात्र मी काढून घेते."