सुनेचं कौतुक

रक्ततपासणीच्या खोलीबाहेर टेम्पोवाला आपल्या नंबरची वाट बघत होता. घरी काहीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे कुणी ओळखीचं दिसलं तर निघून जायचं, असं त्याने ठरवलं होतं. शेजारी एक आजी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पलीकडच्या बाईने तिला विचारलं,

“नातीला काय झालंय, मावशी?”

“काही झालं नाही, तेच तर! दीड वर्षाची झाली. आज शेवटचा रिपोर्ट आला. हिला एचआयव्ही नाही.”

“एवढ्याशा जिवाला कसा असेल हो?”

“माझ्या सुनेला आहे. आईकडून बाळाला जाऊ शकतो.”

“हळू बोला, लोक ऐकतील!”

“ऐकू देत की. चोरी केलीय का तिने? पोटुशी असताना उलट्यांनी बेजार व्हायची, पण एक दिवस गोळी चुकवली नाही पोरीने. बाळालाही जन्मल्याबरोबर औषध सुरू केलं.”

“पण सुनेला कुठून...?”

“माझ्या मुलाकडून. लग्नाआधी तपासणी करू, असं तीच म्हणाली होती. आम्ही मायलेकांनी नाक मुरडलं.”

“आणि तुम्ही सगळे एकत्रच जेवता?”

“तिच्याच हातचं जेवते मी. जेवल्याने, शिवल्याने होत नाही तो. ती बघा, कागद घेऊन आली माझी वाघीण!”

टेम्पोवाल्याने खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला.

“अगं, मी दवाखान्यात आहे. एचआयव्हीची तपासणी करायला आलोय. घाबरू नकोस, तूही ये. दोघांचीही करून घेऊ.”