नाल न ठोकलेला संघ

रंगनाथ : आठवतंय रे, खलील. छावणीच्या कमिटीचं ते पत्र येऊन पंधरवडा झाला. उत्तर मी पाठवलंच नाही.

खलील : पाठवलंच नाही? काका, ढालीच्या फुटबॉल सामन्यांत नाव घालायची मुदत उद्या संपते! आमची पोरं नाशिक रोडच्या स्टेशनावर टांगे सोडून रोज मैदानावर पळतायत, आणि तुम्ही वाचनालयात त्या पत्रावर बसून राहिलात?

रंगनाथ : मला वाचून दाखवायची लाज वाटली. तुमचा अपमान होता त्यात.

खलील : असं काय लिहिलंय?

रंगनाथ : साहेबानं विचारलंय, तुमची माणसं ‘शॉड’ असतील ना? मी कोश काढला. त्यात अर्थ होता, नाल ठोकलेला.

खलील : नाल? माझ्या घोडीला ठोकतात ती?

रंगनाथ : तीच.

खलील : या अल्ला! टांगेवाल्यांची टीम म्हणून आम्हालाच घोडे समजला की काय?

रंगनाथ : मलाही तसंच वाटलं. मग काल भीतभीत थोरला कोश उघडला. तिथं दुसरा अर्थ निघाला, पायात बूट घातलेला. बूट घालून या, नाहीतर येऊ नका, एवढंच म्हणतोय तो. चूक माझीच. माझं इंग्रजी हे असं, अर्ध्या वाटेवर बसणारं.

खलील : चूक कसली? घोड्याला नाल काय नि आम्हाला बूट काय, एकच झालं. परवा आमच्या टीममधल्या गेणूला कुणाचे तरी जुने बूट चढवले. बॉल राहिला बाजूला, स्वतःच्याच घोट्यावर लाथ हाणली त्यानं.

रंगनाथ : मग लिहू का, बुटांची सवय नसल्यामुळे येता येत नाही, क्षमस्व?

खलील : क्षमा कशापायी?

रंगनाथ : तशी पद्धत असते. आणि माझं म्हणशील तर, कुणी जरा मोठ्यानं बोललं की मी आधी क्षमाच मागतो.

खलील : फ्रान्समधल्या जगाच्या कपाची बातमी तुम्हीच वाचून दाखवली होती ना आम्हाला? तो ब्राझीलवाला काय नावाचा?

रंगनाथ : लिओनिदास. पोलंडवर तीन गोल चढवले त्यानं. चिखलात बूट काढून खेळायला लागला, असं सांगतात. रेफरीनं परत घालायला लावले. खरंखोटं मला ठाऊक नाही हं.

खलील : घालायला लावले म्हणजे काढले तर होते! आणि ते जावाचे लोक?

रंगनाथ : डचांच्या नावाखाली खेळले बिचारे. हंगेरीनं सहा गोल मारले, यांना एकही फेडता आला नाही. त्यांचा कप्तान चष्मा लावून खेळायचा.

खलील : चष्मा? तुमच्यासारखा?

रंगनाथ : माझ्यासारखा. पडेल, फुटेल, लोक हसतील, असं त्याच्या मनात आलं नसेल का रे?

खलील : आलं असेल. तरी उतरला ना मैदानात?

रंगनाथ : उतरला खरा. पण गोऱ्यांच्या बुटाखाली तुमची बोटं सापडली तर?

खलील : मोडली तर आमची मोडतील. टांगा हाताने हाकतात, काका. तुम्ही लिहा.

रंगनाथ : तो साहेब वाचनालयात येतो. मला नावानं ओळखतो.

खलील : मग बरंच आहे की! ओळखीच्या माणसाला खरं सांगायला काय जातं?

रंगनाथ : थांब. ऐक कसं वाटतं. “महाशय, आमच्या माणसांना नाल ठोकलेली नाही. ती तशीच येतील. सामन्याच्या दिवशी आम्ही वेळेवर मैदानावर उभे राहू. अडवायचं असेल तर सगळ्या प्रेक्षकांसमोर अडवा.”

खलील : अरे वा! हे तुम्ही लिहिलंत?

रंगनाथ : फार कडक झालं का? एखादं ‘कृपया’ घालू?

खलील : घालून तर बघा, माझ्या टांग्यात घेणार नाही तुम्हाला. चला, डाक निघायच्या आत पोचू.

(टांगा पोस्टासमोर थांबतो.)

रंगनाथ : टाकलं. आता पेटीतून परत काढता येत नाही ना रे?

खलील : येत असतं तरी काढू दिलं नसतं. पण काका, मी तर कागदाला हातही लावला नाही. खाली सही कुणाची केलीत?

रंगनाथ : माझी. पूर्ण नाव लिहिलंय.